रिकव्हरीचा पत्ता

४ फेब्रुवारी, मंगळवार

वकीलबाईंनी आज माझ्या गळ्यात नवीन काम घातलं. केंद्रासाठी ईमेल शोधायचा, आणि तोही असा की पाठवणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्याला वाचता येऊ नये. शिवाय फुकट हवा. आमच्याकडे पैसे असते तर माझ्या टेबलाचा एक पाय विटेवर उभा नसता. काही दिवस वापरून बघा, गुण द्या आणि मग सांगा, म्हणाल्या. जन्मभर कचेरीत टंकलेखन केलं, निवृत्तीनंतर इथे पत्रव्यवहार बघते, तेव्हा हे लचांड माझ्याकडेच येणार होतं.

कारण मात्र गमतीचं नाही. घर सोडून आलेल्या बायकांना आम्ही आसरा मिळवून देतो. शिंपीणबाईंना बेकरीच्या वरची खोली घेऊन दिली होती. गेल्या आठवड्यात त्यांचा नवरा त्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. शिंपीणबाई आणि त्यांची चिमणी (मुलीचं नाव वेगळं आहे, केंद्रात सगळे चिमणीच म्हणतात) मागच्या जिन्याने बेकरीत उतरल्या आणि पिठाच्या पोत्यांमागे बसून राहिल्या, म्हणून वाचल्या. ह्याच माणसाने त्यांच्या उजव्या हाताची बोटं दारात चेचली होती. कात्री धरायचा हात. आता त्या डाव्या हाताने कापड कापायला शिकताहेत. अठ्ठावीस तारखेला न्यायालयात त्यांचा जबाब आहे. तोवर त्या त्याच्या हाती लागता कामा नयेत.

खोलीचा पत्ता फक्त केंद्राच्या मेलमध्ये होता. म्हणजे आमचा मेल कुणीतरी वाचतंय.

घरी ह्यांना सांगितलं. बायको कामावरून आली की "आज काय झालं?" असं रोज विचारणारे नवरे किती असतील? हे विचारतात आणि शेवटपर्यंत ऐकतात. नावं, पत्ते मी सांगत नाही, तेवढं मला कळतं. बाकी सगळं सांगते. ऐकून म्हणाले, "जमेल का तुला हे?" मी म्हटलं, बघू.

ही वही मात्र मी केंद्रातल्या खणात ठेवते. घरी लिहायला बसले की काय लिहितेस म्हणून विचारणं होतं, आणि मग लिहायचं राहतं. संध्याकाळचं, घरचं काही असलं की नंतर इथे येऊन त्याच तारखेखाली लिहिते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एक सेवा निवडली. नाव इथेही लिहीत नाही, सावध राहिलेलं बरं.

मला समजलं ते असं. मेल निघतानाच त्याला कुलूप लागतं आणि किल्ली आपल्या पासवर्डात असते. कंपनीच्या माणसांनाही आतलं दिसत नाही. समोरच्याचं खातं त्याच सेवेत असेल तर दोन्हीकडे कुलूप. पासवर्ड विसरलात तर नवा करता येतो, पण जुन्या पत्रांचं कुलूप त्याने उघडत नाही. ती उघडायला बारा शब्द देतात, ते वेगळे जपायचे. मी ते कागदावर उतरून वकीलबाईंच्या कपाटात ठेवले. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असते आणि त्या कुणालाही जवळ फिरकू देत नाहीत.

खातं उघडताना फोन नंबर मागितला नाही. ह्याला पूर्ण गुण. पासवर्ड विसरल्यास कोड कुठे पाठवू, म्हणजे रिकव्हरीचा पत्ता, तेवढा विचारला. मी आमच्या घरचा मेल दिला. आमचा दोघांचा मिळून एकच मेल आहे, दोघांची नावं जोडून ह्यांनीच केलेला. तो हेच उघडतात आणि माझ्यासाठी काही असेल तर सांगतात. आमची लेक मागे एकदा म्हणाली, "आई, तुझा स्वतःचा पत्ता का नाही? मला तुला काही लिहायचं तर बाबांमार्फत." मी म्हटलं, बाबांपासून लपवण्यासारखं काय आहे आपल्यात? ती उठून गेली. तिला हल्ली कशाचाही राग येतो.

फोनवर ॲप टाकलं. त्याला वेगळा पिन ठेवा असं तेच सुचवतं, म्हणून ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार

सिस्टरांनाही त्याच सेवेत खातं उघडून दिलं. सिस्टर म्हणजे रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. एकट्या राहतात, आवाज असा की भिंतीवरची पाल पडावी. शिंपीणबाई आणि चिमणी गुरुवारी त्यांच्याकडे जाणार.

पहिलं कुलूपबंद पत्र मी पाठवलं. विषय नीट लिहिला: "शिंपीणबाई व मुलीस गुरुवारी दुपारी सिस्टरांच्या घरी, जुन्या पोस्टामागे, हलवण्याबाबत." आमचे मोठे साहेब म्हणायचे, विषय असा हवा की आतलं पत्र वाचायची वेळच येऊ नये. कचेरीत माझ्या विषयांना तोड नव्हती. नव्या मुली "नमस्कार" किंवा "महत्त्वाचे" असं काहीतरी विषयात लिहितात, ते बघून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

संध्याकाळी मी ओट्यापाशी होते. ह्यांनी बाहेरून हाक मारली, "अगं, फोन वाजला तुझा." घरात शिरल्यावर फोन ह्यांच्या टेबलावर ठेवायची आमची पद्धतच आहे, चार्जर तिथे आहे. जाऊन पाहिलं तर सिस्टरांचं उत्तर, "चालेल". सेवा झटपट आहे. गुण दिले.

जेवताना हे म्हणाले, ह्या ॲपचा पिन काय ठेवलास? मी म्हटलं, कचेरीचं आहे हो ते. मग त्यांनी मीठ मागितलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोघी सिस्टरांकडे पोहोचल्या. रिक्षेत मी सोबत होते. चिमणी सगळा रस्ता खाली वाकून बसली होती, कुणी सांगितलं नसताना. शिंपीणबाई म्हणाल्या, "ताई, तुमचा तो कुलूपवाला मेल चालतोय ना?" मी म्हटलं, बँकेच्या तिजोरीसारखा. त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तो सिस्टरांच्या गल्लीत उभा होता. पोस्टाच्या भिंतीला टेकून, सकाळपासून.

सिस्टरांनी खिडकीतून पाहिलं आणि मला फोन केला. वकीलबाई पोलीस घेऊन गेल्या तोवर तो निघून गेला होता. आता दोघी केंद्रातल्या मागच्या खोलीत आहेत, जुन्या फायली आणि पंख्यांच्या खोक्यांमध्ये. चिमणीला धाप लागली होती, तिचा श्वासाचा पंप सिस्टरांकडेच राहिला. दुसरा आणेपर्यंत शिंपीणबाई तिच्या पाठीवर चेचलेल्या हातानेच थोपटत होत्या.

दुपारी मी त्या सेवेची मदतीची पानं वाचायला घेतली. बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडलं: कुलूप आतल्या मजकुराला असतं, विषयाच्या ओळीला नाही. विषय उघडाच जातो.

उघड्या ओळीत मी अख्खा पत्ता लिहून पाठवला होता, आणि वर त्याचा अभिमान बाळगला होता. वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "पण उघडी असली तरी ती ओळ वाचणार कोण?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कंपनीतलं कुणीतरी, नाहीतर वाटेत अडवणारं. त्यांनी मान हलवली, पण पटलंय असं दिसलं नाही.

आजपासून विषय एकच, "चौकशी". फोनवर येणाऱ्या सूचनाही बंद केल्या. मेल आला तरी पडद्यावर काही दिसणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दुसऱ्या शहरातल्या केंद्राचा मेल आला. उद्याची बस, उतरायचं कुठे, न्यायला कोण येणार आणि जागेचा पत्ता. वाचला, वकीलबाईंना दाखवला. ह्या वेळी घरात अक्षरही काढायचं नाही, म्हणाल्या. तसं वचन दिलं.

घरी हे म्हणाले, "फोन वाजत नाही हल्ली तुझा." मी म्हटलं, सूचना बंद केल्यात. मग त्यांनी शिंपीणबाईंचं काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, ह्या वेळी नाही सांगता यायचं. त्यांचा चेहरा पडला. पानावरून लवकर उठले. जाता जाता म्हणाले, त्या पोरीला दम्याचा त्रास, तिची अशी फरफट करणं बरं नव्हे, शेवटी बाप आहे तिला.

दम्याचं मी कधी बोलले ते आठवत नाही. बोलले असेन. रोज एवढी बडबड करते, त्यातलं काय काय लक्षात ठेवणार?

मी भांडी आवरत होते तोवर हे आतल्या खोलीत संगणकावर होते. वाईट वाटलं मला. ह्या वयात नवऱ्यापासून चोरून ठेवायचं म्हणजे अवघडच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजचा दिवस विसरणार नाही.

दुपारच्या बसने दोघी जायच्या होत्या. सकाळी मी मेल उघडायला गेले, तर पासवर्ड चुकीचा आहे म्हणे. पुन्हा घातला, चष्मा पुसून घातला. नाहीच. मग रिकव्हरीचा रस्ता धरला. ह्यांना फोन करून घरच्या मेलवर आलेला कोड विचारला, त्यांनी तो लगेच वाचून दाखवला. नवा पासवर्ड केला आणि आत शिरले, तर सगळी जुनी पत्रं म्हणजे निव्वळ अक्षरांची खिचडी. बस, पत्ता, माणूस, काहीच वाचता येईना. गुणांच्या कागदावर मी रागाने भोपळा काढला.

वकीलबाईंनी त्या दुसऱ्या केंद्राला फोन लावून सगळं तोंडी लिहून घेतलं. पण खरा प्रश्न वेगळाच होता. आम्ही न बदलता पासवर्ड बदलला, म्हणजे कुणीतरी आत शिरलं होतं. त्याने पत्ता वाचला असेल तर दोघींना तिथे पाठवणं म्हणजे त्याच्या हवाली करणं. शिंपीणबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आमच्या तोंडाकडे बघत होत्या.

तेवढ्यात वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही पासवर्ड बदलल्यावर तुम्हाला काय दिसलं?"

खिचडी, मी म्हटलं.

"मग तुमच्या आधी ज्याने बदलला त्याला काय दिसलं असेल?"

त्यालाही खिचडीच दिसली असणार. पत्ता कालच आला होता, जुन्या कुलपात. ते बारा शब्द नाहीत तर कुणालाच वाचता येत नाही. वकीलबाईंनी कमरेची किल्ली काढली, कपाटातून कागद आणला, मी शब्द घातले आणि पत्रं जशीच्या तशी उघडली. भोपळा खोडला.

बस सुटेपर्यंत मी थांब्यावर उभी होते. खिडकीतून चिमणीने हात हलवला नाही, पण बघत राहिली. आता पोहोचल्याचा फोन आलाय. जीव भांड्यात पडला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खात्यात नोंदींचं एक पान सापडलं. कोण कधी आत आलं, पासवर्ड कधी बदलला, सगळं तिथे दिसतं. मंगळवारी संध्याकाळी पासवर्ड बदलला गेला. कोड पाठवला रिकव्हरीच्या पत्त्यावर, म्हणजे आमच्या घरच्या मेलवर.

म्हणजे त्या हलकटाने आमचा घरचा मेलही फोडला. हे रोज तो मेल उघडतात, बँकेचं, विम्याचं सगळं त्यात. बिचाऱ्यांना कसं सांगायचं हाच विचार दिवसभर डोक्यात होता.

संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं घाबरतील. ते म्हणाले, "असेल फोडला. म्हणून सांगतो, ही फुकटची भानगड सोड. तुमचा जुना मेल काय वाईट होता?" मग म्हणाले, तू दमतेस हल्ली, केंद्रच सोड. किती काळजी करतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वकीलबाईंशी भांडले. आजवर असं कधी झालं नव्हतं.

नोंदींचं पान त्यांना दाखवलं. त्यांनी दरवाजा लोटून घेतला, समोर बसल्या, आणि केंद्रात येणाऱ्या बाईशी बोलतात त्या हळू आवाजात विचारायला लागल्या. घरच्या मेलचा पासवर्ड कुणाकडे असतो? ह्यांच्याकडे. तुम्हाला माहीत आहे? नाही, पण मला लागतच नाही. फोन? घरी गेल्यावर कुठे असतो? ह्यांच्या टेबलावर. पगार कुठे जमा होतो? माहेरी, लेकीकडे कधी जायचं ते कोण ठरवतं? शेवटचं एकटीने कुणाला भेटायला गेलात?

तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मला कळलं त्या काय करताहेत. हे प्रश्न मीच टाइप केलेत, प्रत्येक नव्या बाईला विचारायला. मी उठून उभी राहिले. म्हटलं, मी तुमच्याकडे मदत मागायला आलेली बाई नाही. माझ्या नवऱ्याने आजवर माझ्यावर हात उचललेला नाही.

"मी मारण्याबद्दल विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

मी पर्स उचलली आणि निघाले. बसस्टॉपवर बसून राहिले. बस आली, गेली, मी चढले नाही. त्यांना शिंपीणबाईंची काळजी, म्हणून त्या भलत्यासलत्या शंका घेताहेत असं स्वतःला समजावलं. मग वाटलं, शंका मिटवायला किती वेळ लागतो? घरी जाऊन मेल उघडायचा, कुठल्या अनोळखी ठिकाणाहून कुणी शिरलंय ते त्या नोंदींत दिसेल. वकीलबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं आणि माफी मागायला लावायची.

परत आले ते हे लिहायला. आता निघते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल घरी गेल्यावर ह्यांना म्हटलं, घरच्या मेलचा पासवर्ड सांगा जरा.

ते वर्तमानपत्र वाचत होते. कागदावरून नजर न काढता म्हणाले, "कशाला?"

एवढंच. आवाज चढवला नाही. पण तो शब्द मी केंद्रात किती बायकांच्या तोंडून ऐकलाय. "मी म्हटलं दुकानात जाते, तर म्हणाले कशाला." "आईला फोन करते म्हटलं, तर म्हणाले कशाला." मी तो कागदावर उतरवून घेते आणि पुढचा प्रश्न विचारते. काल माझ्याकडे पुढचा प्रश्न नव्हता.

मी म्हटलं, मंगळवारी संध्याकाळी आपल्या मेलवर कोड आला होता, तो कुणी पाहिला ते बघायचंय. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, "मी पाहिला. त्यात काय? नवराबायकोत कसली कुलपं?"

मग सगळं सांगितलं, अगदी सरळ, पोस्टात जाऊन आल्यासारखं. शिंपीणबाईंचा नवरा केंद्रापासून माझ्या मागे आला, इमारतीखाली ह्यांना भेटला. रडला. मुलीच्या आठवणीने झोप लागत नाही म्हणाला, तिला दमा आहे म्हणाला. ह्यांना त्याची दया आली. पहिल्या खोलीचा पत्ता ह्यांनी माझ्या फोनवर केंद्राचा जुना मेल उघडून पाहिला. सिस्टरांचं उत्तर आलं तेव्हा टेबलावरच्या फोनवर माझी विषयाची ओळ, म्हणजे त्यांचा पत्ता, आपोआप दिसला. सूचना बंद झाल्या आणि ॲपला पिन, म्हणून पासवर्ड बदलून पाहिला, पण आत नुसती अक्षरांची भेंडोळी निघाली.

मी म्हटलं, त्याने तिची बोटं दारात चेचली. तर म्हणाले, रागाच्या भरात होतं असं, त्याला पश्चात्ताप झालाय, एक घर जोडलं तर पुण्यच आहे, तुम्ही बायका तोडायचंच शिकवता.

मला रडू आलं नाही. भीती वाटली. चिमणी पोत्यांमागे बसली, रिक्षेत वाकली, तिला धाप लागली, ते सगळं ह्या खुर्चीतून निघालं होतं, आणि मी रोज ह्याच खुर्चीसमोर चहा ठेवत होते. लाज वाटली ती निराळीच. दुसऱ्यांच्या घरातलं मला लांबून दिसतं.

आज सकाळी वकीलबाईंना सगळं सांगितलं, उभ्यानेच. त्यांनी मला जवळ घेतलं नाही ते बरं झालं. मी म्हटलं, त्या दुसऱ्या शहरातल्या जागेचा पत्ता माझ्या डोक्यात आहे. ती जागा आजच बदला. नवी कुठे ते मला सांगू नका, फोनवर माझ्यासमोर बोलू नका. खात्याचा पासवर्ड तुम्ही ठेवा, रिकव्हरीचा पत्ता काढून टाका. त्यांनी हो म्हटलं.

सेवेचा अहवालही देऊन टाकला. विषय उघडा राहतो हे ठळक अक्षरांत लिहिलं. बाकी सेवा चांगली आहे, वापरावी. कुलूप कुठेही तुटलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जबाब झाला. शिंपीणबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, डावा हात वर करून शपथ घेतली, कारण उजव्याची बोटं सरळ होत नाहीत. समोर तो बसला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांचा आवाज सुरुवातीला कापला, मग नाही. न्यायाधीशांनी त्याला जवळ फिरकायला मनाई केली आणि मुलगी आईकडे राहील असं सांगितलं. मनाई कागदावर असते, म्हणून जागा अजूनही गुप्तच ठेवायची.

मागच्या दाराशी गाडी तयार होती. कुठे जाणार, मी विचारलं नाही. गाडीत बसण्याआधी त्या माझ्यापाशी आल्या. वकीलबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं, सांगायलाच हवं होतं. मी मान खाली घातली. मला वाटलं, बोलतील ते ऐकून घ्यायचं.

"ताई, आज घरी कशा जाल तुम्ही?" त्या म्हणाल्या.

बसने, मी म्हटलं.

"तसं नाही विचारत," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मग गाडी गेली.

३ मार्च, सोमवार

शुक्रवारी घरी गेले तेव्हा हे दारातच उभे होते. निकाल त्यांना कळला होता. कुणाकडून, ते विचारायची गरज नव्हती.

"कुठे ठेवलंय तिला?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

आयुष्यात ह्यांना दिलेलं इतकं खरं उत्तर दुसरं नसेल, आणि तेच ह्यांना पटलं नाही. खाली बस म्हणाले, मी बसले. ह्यांनी माझा फोन घेतला. एकेक मेसेज, एकेक नंबर, सिस्टरांना केलेले फोन, लेकीला पाठवलेले फोटो. पर्स टेबलावर उलटी केली, बसची तिकिटं उलगडून पाहिली. मध्येच पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा तेच उत्तर. आवाज नाही, शिवी नाही. शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं असतं तर म्हणाले असते, बघा, हिशोब करताहेत दोघं. जेवण गार होऊन गेलं.

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. भीती वाटत होती, पण तिच्या खाली काहीतरी घट्ट होतं. हे कितीही शोधू देत, माझ्यात आज सापडण्यासारखं काही नव्हतं. चिमणी कुठेतरी झोपली असेल, सरळ, अंग न मुडपता. तेवढ्या एका विचाराने मला जे बरं वाटलं, तसं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

शनिवार-रविवार घरातच गेले. फोन ह्यांच्याकडेच होता. केंद्रात जायला आज सकाळी परत मिळाला, ते सुद्धा राजीनामा देऊन येते म्हटल्यावर.

वकीलबाई आल्याबरोबर त्यांच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. त्यांनी प्रश्नांचा कागद काढला नाही. म्हटलं, माझ्यासाठीही एक जागा बघा. आजच निघता आलं तर आजच. लेकीला तुम्ही कळवा, तुमच्या फोनवरून.

त्या म्हणाल्या, एक जागा आहे, पत्ता लिहून देते.

मी म्हटलं, नको. गाडीत बसल्यावर सांगा. दुसऱ्या बायकांचा पत्ता मी घरी कधीच सांगितला नाही. पण माझा स्वतःचा ह्यांनी आता फोन करून विचारला, तर मी सांगून टाकेन.